घराची ट्रायल

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने काढली त्याने घर नक्की बांधलं असेल, पण त्याच्या घराचा नकाशा शिंप्याने काढलेला नसणार. तसं असतं तर म्हण एवढ्यावर थांबली नसती, पुढे दोन-चार शिव्या आल्या असत्या.

मी शिंपी आहे. कोट, सूट, पॅन्ट हे माझं काम. गिऱ्हाइकं मला मास्टर म्हणतात, शेजारी मास्टर म्हणतात, आणि बायको 'अहो' सोडून मास्टर म्हणाली की कुठेतरी काहीतरी उसवलंय हे मी ओळखतो. कापड वाया न घालवण्यात माझा हात धरणारा इथे कुणी नाही. हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत आलोय, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत आहे.

दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. मी, बायको, मुलगी आणि माझे वडील अप्पा. अप्पाही शिंपीच, पण आता गुडघा आणि डोळे दोन्ही संपावर गेल्यामुळे ते फक्त देखरेख करतात, म्हणजे मला नावं ठेवतात. बायको दुकानाचं हातकाम करते. काज, बटणं, तुरपाई, कोटाच्या कॉलरचे आतले टाके. माझ्या मशीनवर ट्यूबलाइट आहे. ती मात्र मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसते, कारण आमच्या घरात दिवसाचा उजेड जिथवर येतो ती जागा तेवढीच. कुणी आत-बाहेर करायला लागलं की ती गुडघे आवळून घेते, माणूस गेलं की पुन्हा पसरते. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करणारं माणूस असं दिवसभर उघडमीट करत बसलेलं आम्ही सगळ्यांनी इतकं पाहिलं होतं, की आम्हाला ते दिसेनासं झालं होतं.

शेवटी एक जागा घेतली. जागा कसली, कटपीस. रस्त्याकडे रुंद आणि मागे जाता जाता निमुळती. एका अंगाला छापखान्याची उंच भिंत, मागे गोदाम. मोकळी बाजू एकच, जिथे शेजारचं बैठं गॅरेज होतं, आणि उजेड काय यायचा तो तिथूनच. दलाल म्हणाला, "मास्टर, जागा जरा वाकडी आहे, पण तुमच्यासारख्या कसबी माणसाला काय अवघड?" एवढं ऐकल्यावर मी घासाघीस करायचंच विसरलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला अंगण वाकडं आहे हे आधी कळलं, नाचता येत नाही हे फार नंतर.

मी सगळ्यांना गोळा करून विचारलं, कुणाला काय हवं ते सांगा.

अप्पांना रस्त्यालगतची, दाराजवळची खोली हवी होती. कोण आलं आणि कोण गेलं हे त्यांना कळलं नाही तर त्यांना अन्न पचत नाही. मुलगी म्हणाली, "मला दार पाहिजे. खोली कशीही चालेल, पण दार पाहिजे आणि त्याला आतून कडी."

बायको कोटाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मला खिडकी हवी. तिच्याशी बसून काम करता येईल अशी. उजेड डाव्या हाताने आला पाहिजे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी तुमचं तुम्ही बघा. पण खिडकी नसली तर मी इथे उंबऱ्यावर बरी आहे. सामान घेऊन तुम्ही तिघं जा."

मुलगी हसली, अप्पा हसले, म्हणून मीही हसलो. बायको हसली नाही. कामाच्या बाबतीत ती विनोद करत नाही. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय?"

"मला काय हवं असणार? मी मेला कुठेही पडेन."

ही शुद्ध थाप होती. मला ट्रायल रूम हवी होती.

हे जरा नीट सांगायला हवं. माझ्या दुकानात पडद्यामागे एक आरसा आहे. त्यात गिऱ्हाइकाला एकतर डोकं दिसतं नाहीतर बूट. मधला कोट, ज्याच्यासाठी मी रक्त आटवतो, तो कधी धड दिसतच नाही. माझं स्वप्न होतं की घरात एक उजळ खोली असावी, तिच्यात तीन पाखांचा उंच आरसा असावा, निवडक गिऱ्हाइकांनी तिथे यावं, तिन्ही बाजूंनी स्वतःला बघावं आणि म्हणावं, 'मास्टर, कमाल केलीत.' निवडक गिऱ्हाइकं कोण, हे मी ठरवलेलं नव्हतं. आरसा मात्र घेऊन ठेवला होता. एक जुनं कापड दुकान बंद होत होतं, तिथून. घराचा पाया खणायच्या आधी घराचा आरसा विकत घेणारा मी एकटाच असेन. तो दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागे चादर गुंडाळून उभा होता आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नाही, अशी माझी समजूत होती.

"नकाशाला माणूस बघायला हवं," मुलगी म्हणाली.

"कशाला? माझे हात काय झडलेत?" मी म्हणालो. "आयुष्यभर माणसांच्या मापाने कापतोय. घर म्हणजे तरी काय, माणसाच्या मापाने कापलेली वस्तूच की. जरा ढगळ, इतकंच."

मग मी सगळ्यांची मापं घेतली. अप्पांना बाकावर आडवं केलं आणि टेप लावली, डोक्यापासून ताणलेल्या पायापर्यंत, वर काठीसाठी थोडी सूट.

"अप्पा, श्वास रोखू नका. घर पोटाला घट्ट करायचं नाहीये."

"तुझा भरवसा नाही," अप्पा म्हणाले. "माझा कोट तू असाच केला होतास."

मुलीचे हात पसरून माप घेतलं, हात वर करून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, तू माझ्यासाठी खोली करतोयस की कव्हर?"

बायको पुढे आली तेव्हा मी टेप गळ्यात अडकवून ठेवली. म्हटलं, "तुझं माप मला पाठ आहे."

"कधीचं?" तिने विचारलं.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कागद पसरायचा होता.

कापायच्या टेबलावर मोठा खाकी कागद अंथरला, खडू घेतला आणि घर बेतायला लागलो. पहिला कागद सवयीने दुमडून घेतला. आम्ही शर्टाची पुढची बाजू अशीच आखतो. अर्धी आखायची, दुमडीवर कापायची, उघडलं की पूर्ण. मुलीने कागद उघडला आणि बघत राहिली.

"बाबा, यात दोन स्वयंपाकघरं आहेत."

"हो?"

"आणि दोन अप्पा."

पलीकडून अप्पा म्हणाले, "एकाचं करताय तेवढं बास आहे."

दुसरा कागद मात्र झकास जमला. निमुळतं टोक वाया जाऊ न देता तिथे न्हाणीघर बसवलं. अप्पांची खोली रस्त्याकडे, मुलीची वरच्या मजल्यावर, मध्ये जिना, मागे स्वयंपाकघर. आणि उजेडाच्या बाजूला एकीला एक लागून दोन जागा. एक बायकोची, खिडकीसकट. दुसरी, जिच्यावर मी बारीक अक्षरात 'इतर' असं लिहिलं होतं.

खर्चही त्याच कागदाच्या कडेला मांडला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला कुणी शिकवायला नको. विटा म्हणजे कापड. गिलावा म्हणजे अस्तर. दारं, खिडक्या, कड्या म्हणजे बटणं. गवंड्याची मजुरी ती शिलाई आणि शेवटचा रंग ती इस्त्री. बेरीज केली तर साठवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज यांत घर बसत होतं, वर थोडे उरतही होते. मी कागद भिंतीला टाचला आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. सगळे म्हणाले, वा मास्टर. त्यांतल्या एकाने तरी घर बांधलं होतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

नगरपालिकेत नकाशा द्यायचा तर इंजिनियरची सही लागते. माझी एक गिऱ्हाईक इंजिनियर होती. तरुण बाई, बोलायला मोकळी, लोकांची घरं बांधून देते. तिचा काळा कोट माझ्याकडे शिवायला होता. मी तिला ट्रायलच्या वेळी गाठलं. अंगावर कोट, बाह्या टाचण्यांनी लावलेल्या, हात हलवायची सोय नाही. अशा अवस्थेत माणूस फी मागत नाही, असा माझा हिशेब.

"मॅडम, सहज नजर टाका," म्हणत मी कागद तिच्यासमोर धरला.

तिने नजर टाकली. बराच वेळ टाकली. मग म्हणाली, "मास्टर, भिंती कुठायत?"

"या काय. रेघा."

"या रेघा आहेत. भिंती कुठायत?"

"मॅडम, रेघ आहे तिथे भिंत येणार."

"केवढी?"

"म्हणजे?"

"जाड केवढी?"

मी सावधपणे म्हणालो, "अर्धा इंच सोडलाय. दोन्ही बाजूंनी." शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. ती मी प्रत्येक भिंतीला न चुकता सोडली होती. उलट जरा सढळ हाताने सोडलीय असं मला वाटत होतं.

बाईने टाचण्या लावलेला हात हळूच वर केला आणि तोंडावर धरला. हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "बाहेरची भिंत नऊ इंच, मास्टर. आतली साडेचार. वर गिलावा. किती भिंती आहेत बघा."

मी मोजल्या. मोजताना माझा आवाज बारीक होत गेला. कापडाला जाडी नसते, निदान हिशेबात धरण्यासारखी नसते. माझ्या घरात माणसं नेमकी मावत होती, फक्त भिंतींना जागा नव्हती. मी घर नाही, तंबू बेतला होता.

"आणि पायाचे पैसे कुठे धरलेत?" तिने विचारलं.

"पाया?"

"जमिनीखाली."

आता पॅन्टला जमिनीखाली काही नसतं. जे दिसत नाही त्याला पैसे पडतात हे मला कसं सुचावं? मी फरशीपासून वर मोजलं होतं. उरलेले म्हणून जे पैसे मी बाजूला काढले होते ते पायाने गिळलेच, वर बटणं आणि इस्त्रीचेही अर्धे गिळले.

बाई भली. कोटाच्या शिलाईत वळते करू म्हणाली आणि आठवड्याने नीट नकाशा काढून घेऊन आली. सगळ्यांच्या खोल्या थोड्या थोड्या आवळून बसवल्या होत्या. एकच गोष्ट बसत नव्हती. उजेडाच्या बाजूला दोन जागा होत्या, तिथे भिंतींनंतर एकच उरत होती.

"ही खिडकीवाली बसायची जागा ठेवू, की ही... 'इतर' म्हणजे काय?"

"ट्रायल रूम."

"घरात?"

"निवडक गिऱ्हाइकांसाठी."

निवडक गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं.

त्या वेळी मी काय बोललो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण ते बोलताना माझी नजर कापडाच्या गठ्ठ्यांकडे होती. मी म्हणालो, "बसायची जागा जिन्याखाली सरकवता येईल का?"

"सरकवता येईल. लोक तिथे झाडू ठेवतात."

"आणि उजेड?"

"दिवा लावा," बाई म्हणाली आणि नकाशा माझ्या हातात ठेवून गेली.

घरी बायकोने विचारलं, "खिडकीचं काय झालं?"

मी म्हणालो, "उजेडाची सोय केलीय."

खोटं नव्हतं. दिव्यालाही उजेडच म्हणतात. ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. मी नकाशात जिन्याखाली खडूने बायकोची जागा आखली आणि तो गुंडाळून कापायच्या टेबलावरच ठेवला, इतर खाकी कागदांच्या भेंडोळ्यात, म्हणजे तिच्या नजरेला पडायला नको. आता या जगात माझ्या आखलेल्या रेघा बघून कुठला तुकडा कुठे जाणार हे सांगू शकणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती रोज त्याच टेबलावरून काम उचलते. पण माणूस स्वतःला हुशार समजायला लागला की असल्या बारीक गोष्टींकडे त्याचं लक्ष राहत नाही.

माझा एक नियम आहे. ट्रायलशिवाय माझ्याकडून कपडा जात नाही. आधी कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, ओढतंय कुठे, झोळ कुठे पडतोय बघायचं, मग पक्की शिलाई. खणायला सुरुवात व्हायच्या आधी मी जाहीर केलं की घराचीही ट्रायल होणार. इंजिनियर बाईने जागेवर खुंट्या मारून दिल्या, मी त्यांना सुतळ्या बांधल्या, दारांच्या जागी सुतळी सोडली, जिन्याच्या जागी एक तिरका बांबू उभा केला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर आम्ही हातगाडीवर बाक, खुर्ची, दोन स्टुलं घालून सहकुटुंब आमच्या सुतळीच्या घरात राहायला गेलो. गॅरेजमधली पोरं काम टाकून बघत उभी राहिली.

अप्पा त्यांच्या खोलीत बाकावर आडवे झाले आणि पाय ताणला. पाय सुतळीच्या पलीकडे गेला.

"अप्पा, पाय रस्त्यावर आलाय."

"मग रस्ता मागे घे," अप्पा म्हणाले.

मुलीची खोली वरच्या मजल्यावर. ती स्टुलावर चढून उभी राहिली, हवेतल्या दाराला हवेतली कडी घातली आणि म्हणाली, "बाबा, मी वर आहे. इथून सगळं दिसतंय हं."

आम्ही सगळे सुतळ्या ओलांडून इकडून तिकडे जात होतो. बायको एकटी दाराच्या जागेतून आत आली. माझ्या रेघांवर पाय द्यायचा नाही ही तिची सवय. अप्पांच्या खोलीवरून, स्वयंपाकघरावरून फिरून ती नेमकी जिन्यापाशी थांबली, मान लववून बांबूखाली शिरली आणि स्टुलावर बसली. पिशवीतून इंजिनियर बाईचा काळा कोट काढला. कामच घेऊन आली होती. अशी ट्रायल द्यावी गिऱ्हाइकाने.

तिने पहिला काज घ्यायला सुरुवात केली. दुपार उतरली होती, गॅरेजच्या पत्र्यावरून तिरपं ऊन येत होतं, डावीकडून, अगदी तिला हवं तसं. आमची भिंत अजून सुतळीची होती ना.

मी गप्प बसायला हवं होतं. पण विचारलं, "कसंय?"

"छान आहे की."

"उजेड?"

"भरपूर."

माझा जीव भांड्यात पडला. बायकोने जागा पसंत केली! आता भिंत उठेल तेव्हा उठेल. तेव्हा इंजिनियरवर ढकलता येईल, नाहीतर छापखान्यावर. आणि त्याच वेळी मला आत कुठेतरी फार घाण वाटलं. गिऱ्हाईक आरशात बघून छान म्हणतं, पण पाठीवरची ओढ मास्टरला दिसत असते. ती बघूनही जो पैसे घेतो त्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

"अहो," बायको म्हणाली, "जरा इथे उभे राहता का? वाऱ्याने दोरा उडतोय."

तिने सुईने डावीकडे दाखवलं. मी धावत गेलो. अपराधी माणूस सांगितलेलं काम फार चटकन करतो. सुतळीवर दोन्ही पाय ठेवून छाती काढून उभा राहिलो. माझी सावली तिच्या मांडीवरच्या कोटावर पडली.

तिने कोट थोडा तिरका केला. मग डोळ्यांजवळ नेला. मग सुई खाली ठेवून बोटाने चाचपून काजाची कड शोधली, जशी ती संध्याकाळी उंबऱ्यावर शोधते. दोरा संपला होता. नवीन ओवायला लागली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, नेम धरला, चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला.

"ओवून द्या जरा."

मी सुई घेतली. माझीच सावली माझ्याच हातांवर. नेढं कुठे आहे तेच दिसेना. एवढी वर्षं सुईवर पोट भरणारा मी, दोरा हवेत खुपसत होतो.

"थांब, जरा उजेडाकडे वळतो," मी म्हणालो.

"वळून कसं चालेल?" बायको म्हणाली. "भिंत वळते का, मास्टर?"

मी तिथेच उभा राहिलो. अप्पा रस्त्याकडे बघत होते, पण दोन्ही कान आमच्याकडे होते. माझ्या पायाजवळच्या खुंटीला सुतळीचं एक सुटं टोक लोंबत होतं. ते सरळ खाली लोंबत होतं, जराही हलत नव्हतं. वारा नव्हताच.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही कागद आणलात त्याच दिवशी. टेबलावर तर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"ट्रायलला बोलावलं होतंत ना? गिऱ्हाइकाने ट्रायललाच बोलायचं असतं. तुम्हीच म्हणता."

उत्तर नसलं की मी खरं बोलतो. म्हणालो, "मी एक आरसा घेऊन ठेवलाय."

"गठ्ठ्यांमागे. माहीत आहे. धूळ मीच पुसते त्याची."

"घरात जागा एकच उरत होती आणि मला..."

"तुम्हाला आरसा हवा होता. मग हवा म्हणायचं की. भांडलो असतो, काहीतरी ठरलं असतं." तिने कोट मांडीवर घडी घालून ठेवला. "खिडकी गेली याचं नाही मला एवढं वाईट वाटलं. 'सोय केलीय' म्हणालात ना, त्याचं वाटलं."

मला लाज वाटली. कपडा तोकडा पडला तर लाज वाटते, पण तिथे कापड उसवता येतं, पट्टी जोडता येते, शिलाई सोडून देता येते. इथे मी माझ्या बायकोसमोर हातात सुई धरून उभा होतो, आणि जो उजेड तिने जन्मात एकदा मागितला होता तो माझ्याच पाठीवर पडून वाया चालला होता. जो माणूस वीतभर कापड वाया घालवत नाही म्हणून मिरवतो, तो.

"सरका आता," ती म्हणाली. आवाज जरा मऊ होता. "आणि ट्रायल झालीय. कच्चे टाके उसवा."

मी खाली बसलो आणि खुंट्या उपटायला लागलो. ट्रायल रूम चार खुंट्यांची होती. तीन सहज निघाल्या. चौथीने छळलं. अप्पा बाकावरून म्हणाले, "हौस खोल गेली होती म्हणायची." कुणीच हसू आवरलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर बाईला सांगितलं, उजेडाच्या बाजूला खिडकीवाली जागा, जिन्याखाली काही नाही. तिने विचारलं, "खिडकीची पट्टी जमिनीपासून किती वर घेऊ?"

माप पाठ होतं. कधीचं, ते आठवेना. म्हणालो, "घरी जाऊन माप घेतो."

बायकोला स्टुलावर बसवलं. खांदा, कोपर, डोळ्यांची उंची. टेप लावत गेलो आणि एकही आकडा माझ्या पाठांतराशी जुळेना. खांदे पूर्वीपेक्षा पुढे आले होते. मान वाकलेली होती, काम हातात नसतानासुद्धा.

"सरळ बस," मी म्हणालो.

"सरळच बसलेय," ती म्हणाली.

मग मी ते माप तसंच लिहून घेतलं आणि खिडकी त्या मापाने झाली. गवंडी म्हणाला फार खाली घेतलीय. मी म्हणालो, गिऱ्हाइकाचं माप आहे, हात लावू नकोस.

घर झालं. रंग एकाच खोलीला परवडला, बाकीच्या पुढे बघू. अप्पांचा पाय खोलीत मावतो, काठी थोडी बाहेर येते. मुलीने कडी इतकी वाजवली की ती एकदा बदलावी लागली. बायको सकाळी खिडकीशी बसते आणि घरात कुणीही कितीही येवो-जावो, ती गुडघे आवळत नाही.

सामान हलवताना शेवटी आरसा आला. दोन हमालांनी तो दारात उभा केला आणि विचारलं, कुठे ठेवू? विकायचं म्हटलं तर निम्मेही पैसे आले नसते. बायको खिडकीतून मान वळवून म्हणाली, "अहो, जिन्याखाली ठेवा. तिथे उजेडाची सोय केलीय."

तर तो तिथे आहे. शेजारी झाडू आहे, वर एक दिवा आहे. निवडक गिऱ्हाईक अजून कुणी आलेलं नाही. मीच कधीतरी नवा कोट अंगावर घालून बघायला जातो. डोक्यावर जिना असल्यामुळे वाकूनच उभं राहावं लागतं. आरशात तीन मास्टर दिसतात, आणि तिघांचीही मान खाली असते.